मासोळीच्या कागदावरचा खटला

रेवताबाई खदानीच्या बंगल्यावर मासोळी देऊन परत निघाली की वाटेत कोणाच्या दारी थांबत नसे. टोपली उतरायची ती श्यामरावच्या आंगणातच. टोपलीत झिंगे उरलेले असोत नसोत, तळाशी घडी घातलेला इंग्रजी पेपर मात्र असे. साहेबानं वाचून टाकलेला, दोन दिवसांचा शिळा. खानसामा तो चुलीत घालायच्या बेतात असे, तेवढ्यात ही मागून घेई. पेपराला मासोळीचा वास येई आणि एखाद्या पानावर ओला डाग पडलेला असे.

"घे वो सत्यवती," ती म्हणे. "पाह्य आपल्या लेकराईचं काही आलं काय."

सत्यवती ही श्यामरावची सून, टिकारामची बायको. हातातलं काम बाजूला सारून ती ओसरीच्या काठावर बसे आणि पाचवं पान उघडी. ते पाचवं पान तिला आता घरच्या चुलीसारखं ओळखीचं झालं होतं. वर बाजारभाव, खाली सिनेमाच्या जाहिराती, आणि मधे कुठंतरी आठ-दहा ओळींत तिच्या घरादाराचं नशीब छापलेलं.

गोष्ट सन शहात्तरची. नाकाडोंगरीच्या अलीकडं कोसभरावर हे गाव. निम्मं गाव धानाच्या बांध्यांत राबे, तलावाकाठचे ढिवर मासोळी धरत, आणि राहिलेली तरणीताठी पोरं खदानीत कामाला जात. टिकाराम खदानीच्या टाइम ऑफिसात कारकून होता आणि युनियनचा सेक्रेटरीही. रेवताबाईचा एकुलता एक तुलाराम सुरुंगवाल्याच्या हाताखाली होता. ऐन धान रोवण्याच्या दिवसांत पोलिसांची गाडी आली आणि नऊ जणांना घेऊन गेली, त्यांत हे दोघे. खदानीतले सुरुंग पेटवायचे डिटोनेटर पळवले आणि सरकारविरुद्ध कट करून रेल्वेचा पूल उडवणार होते, असा आरोप. आणीबाणी होती. तुरुंगात जाणं सोपं होतं आणि विचारायला जाणं अवघड.

खटला नागपूरला उभा राहिला. ग्रामपंचायतीत येणाऱ्या मराठी पेपरानं पहिल्या दिवशी चार ओळी दिल्या आणि मग तोंड मिटलं ते मिटलंच. तेव्हा इंग्रजीशिवाय वाटच उरली नाही. सत्यवती सातवी पास होती, लग्न झालं तेव्हा आठवीत बसलेली. एबीसीडी येत होती. गाय, मांजर, पाऊस एवढं येत होतं. पण गाय-मांजराच्या इंग्रजीत खटले चालत नाहीत. टिकारामच्या पेटीत एक डिक्शनरी निघाली. तिची पहिली पन्नास-साठ पानं उधईनं खाल्लेली, त्यामुळं ती बीपासूनच सुरू व्हायची. आणि कोर्टाचे तर किती शब्द ए या अक्षरावरूनच! आरोपी एवरून, अटक एवरून, अपील एवरून. जे हवं तेच नेमकं किड्यांच्या पोटात गेलेलं.

इथं तिला सासऱ्याची विद्या कामी आली.

श्यामराव इंग्रजी काय, मराठीही बोट ठेवून वाचणारा. पण चाळीस वर्षं त्यानं येईल त्या बुवामागं मृदंग वाजवला होता. कीर्तन म्हटलं की या माणसाला भूक लागत नसे, ऊन लागत नसे. एकदा तर फक्त एका बुवाचा उत्तररंग ऐकायला सायकलनं थेट अड्याळला जाऊन आला होता. आल्यावर चार दिवस पाय धरून बसला आणि पाचव्या दिवशी म्हणाला, पाय गेले तं जाऊ द्या, कान भरून आले. गाव त्यालाच बुवा म्हणे.

"सूनबाई," त्यानं सांगितलं, "अभंगातला शब्द अडला तं बुवा काय करते? मांगचा चरन पाह्यते, पुढचा चरन पाह्यते. शब्द कधी एकटा राहत नाही, त्याले गनगोत असते. गोत ओळखलं का तो बी ओळखू येते. फकत एक नेम पाळ. अडला म्हनून शब्द सोडून पुढं जायचं नाही. पद समोर मांडलं का उकलून दाखवाच लागते. नाही तं कीर्तन नाही होत, निसता गोंगाट होते."

तोच नेम या घरात सुरू झाला. सत्यवती ओळ वाची, शब्द वहीत उतरवी, डिक्शनरी पाही. नाहीच मिळाला तर मागचंपुढचं जुळवून अर्थ लावी. मग तो मोठ्यानं सांगी. रेवताबाई टोपलीशेजारी उकिडवी बसून ऐके. श्यामरावचं डोकं खांबाला टेकलेलं असे.

"आजचा शब्द कोनता?"

"रिमांड, मामाजी."

"म्हंजे?"

"आनखी कोठडीत ठेवनं. पंधरा दिवस."

"असं होय." श्यामराव जरा सरसावून बसे. "मंग हा जीव बी रिमांडावरच हाये म्हनायचा. चौऱ्यांशी लक्ष तारखा पडल्या, अजून निकाल नाही."

"बुवा," रेवताबाई म्हणे, "तुमच्या जिवाची तारीख पडू द्या सावकाश. माह्या पोराचं सांगा पहिले."

"तेच तं सांगून राहिलो बापा."

"कोठी सांगता? मी तुलारामचं पुसली तं तुमी ब्रह्म सांगता."

श्यामराव हसे. रेवताबाईही हसे. सत्यवतीला मात्र हसू येत नसे आणि रडूही येत नसे. रोवण्यात दिवसभर चिखलात उभं राहिलं की पायाला जळू लागलेली कळत नाही. बाहेर आल्यावर रक्त दिसतं तेव्हा कळतं. तिचं अजून बाहेर येणं व्हायचं होतं. कापणी झाली, खळ्यावर धानाचं चुरणं झालं, दिवाळीत सासरा-सून नागपूरला जाऊन जाळीपलीकडचा टिकाराम पाहून आली. दहा मिनिटं होती. तो म्हणाला, प्रकृती बरी आहे, काळजी करू नका. तीच दोन वाक्यं त्याच्या पत्रांतही असत. ती परत आली आणि कोठ्यात धान भरू लागली. वही भरत चालली. कस्टडी, विटनेस, प्रॉसिक्यूशन, होस्टाइल. शब्द असे लागोपाठ पाठ होत गेले, आणि एकही मनाला चावला नाही.

पुसाच्या महिन्यात एका सकाळी रेवताबाईनं पेपर दिला आणि ती ऊन धरून बसली. सत्यवतीनं पाचवं पान काढलं. ओळींच्या गर्दीत टिकारामचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट. आजवर 'नऊ आरोपी' एवढंच असायचं. एकट्याचं नाव कधी आलं नव्हतं.

नावापुढं एक शब्द होता, अप्रूव्हर. एवरूनच.

तिनं नेमाप्रमाणं गोत पाहिलं. मागच्या ओळीत पार्डन होतं. डिक्शनरीत मिळालं, क्षमा, माफी.  माफी म्हणजे चांगलंच की. पुढं कंडिशन, म्हणजे अट. त्याच्यापुढं डिपोज, म्हणजे शपथेवर साक्ष देणं. आणि शेवटी को-अक्युज्ड. को म्हणजे सोबतचा, हे तिला को-ऑपरेटिव्ह सोसायटीवरून ठाऊक होतं. सोबतच्या आरोपींविरुद्ध शपथेवर साक्ष द्यायची, या अटीवर माफी. शब्दांच्या एकेका धाग्यानं जाळं पुरं विणून झालं, आणि तिनं पाहिलं तर आत तुलाराम होता. टिकाराम जाळ्याच्या बाहेर उभा.

"काय लिवलं वो?" रेवताबाईनं विचारलं.

सत्यवतीनं पेपराची घडी घातली.

"काही नाही मावशी. तारीख पडली."

"अशी कशी रोजची तारीख पडते याईची? जज्जाले घरी काम नाही काय दुसरं?" टोपली उचलून रेवताबाई उभी राहिली. "दोघंबी एकाच गाडीनं गेले, एकाच गाडीनं येतीन. मी मारोतीले बोलली हाये तसं."

श्यामरावनं संध्याकाळी विचारलं, आजचा शब्द? तिनं कालचाच सांगितला. म्हाताऱ्याच्या लक्षात आलं नाही.

आता पाहा, गावात या एका शब्दाचा अर्थ जाणणारी ती एकटी. अर्थ सांगितला तर घराचं तोंड काळं होणार होतं आणि रेवताबाईचं काळीज फाटणार होतं. न सांगितला तर सगळं जिथल्या तिथं राहणार होतं, निदान निकालापर्यंत. निकालाच्या दिवशी टिकाराम घरी येईल, तुलाराम येणार नाही, आणि तोवर ही म्हातारी रोज मासोळीच्या टोपलीत घालून तो कागद आणत राहील. सत्यवती झाडलोट करी, शेण काढी, भात रांधी. वीस दिवस गेले. त्या वीस दिवसांत रेवताबाईनं दोनदा तिला झिंगे दिले, एकदा तिच्या केसांना तेल लावून दिलं. सत्यवती मान खाली घालून बसली. डोक्यावर हात फिरतो आहे एवढं कळत होतं. मऊ की खरखरीत, ते कळत नव्हतं.

माघात मारुतीच्या देवळात सप्ता बसला. ज्यांनी हरिनामाचा सप्ता पाहिला आहे त्यांना सांगायला नको, पण ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दोन-दोन तासांचे पहारे. दिवसाचे बायांचे, रात्रीचे पुरुषांचे. गळ्यात वीणा असेपर्यंत मुखात नामाशिवाय दुसरं अक्षर यायचं नाही. आणि वीणा देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. तिथं सासू-सून नाही, मालक-मजूर नाही, शेतवाला-मासोळीवाला नाही. पाया पडायचं, गळाभेट घ्यायची, मग वीणा द्यायची. श्यामराव म्हणे, सात दिवसांच्या कीर्तनात जे सांगून होत नाही ते त्या एका क्षणात होऊन जाते.

पहाऱ्यांची यादी त्यानंच केली होती. चौथ्या दिवशी बारा ते दोन सत्यवती. दोन ते चार रेवताबाई.

सत्यवती नाम घेत देवळात येरझारा घालत होती. पावणेदोनला रेवताबाई आली. तलावावर आंघोळ करून, ओल्या केसांनी, जुनं पण धुतलेलं लुगडं नेसून. वीणा घेणार म्हणून सकाळपासून उपाशी होती. ती हात जोडून खांबाशी उभी राहिली. दोन वाजले.

सत्यवती तिच्यासमोर आली, क्षणभर थबकली आणि वळून परत चालू लागली.

कसं द्यायचं? ही बाई आता वाकेल. आपल्या पायांवर डोकं ठेवेल. ज्या घरानं हिच्या पोराला पुरलं, त्या घरच्या सुनेच्या पायांवर. आणि वर गळाभेट. सत्यवतीला एवढंच समजत होतं की हे होऊ द्यायचं नाही. पुढं काय, ते तिला ठाऊक नव्हतं. ती चालत राहिली. अडीच झाले, तीन झाले. खांद्यावरचा पट्टा रुतत होता. देवळात बसलेल्या बाया कुजबुजू लागल्या, बुवाची सून रंगली बापा, भान नाही राहिलं तिले. एकदोघींनी तर पुढं येऊन तिच्या चालत्या पायांना हात लावला. श्यामराव मृदंग मांडीवर घेऊन बसला होता. त्याचे डोळे भरून आले, आणि टाळकऱ्यांकडं पाहून त्यानं थाप अजून चढवली.

रेवताबाई दोन तास खांबाशी तशीच उभी.

चार वाजता पुढच्या पहाऱ्याला केशरबाई आली, पाटलाच्या घरची. सत्यवती तिच्यापुढं थांबली, तिच्या पाया पडली, तिला पडू दिलं, आणि वीणा तिच्या गळ्यात घातली. देवळातली कुजबुज एकदम थांबली.

रेवताबाई देवळाच्या मागं, विहिरीकडं निघून गेली. सत्यवती तिच्या मागं गेली.

"मावशी."

रेवताबाईनं वळून पाहिलं. आवाज चढला नव्हता.

"ढिवराच्या गळ्यात वीना द्याले जड गेलं काय वो तुले?" ती म्हणाली. "इतके दिस माह्या टोपलीतला कागद वाचला तं बाटली नाहीस. देवळात कशी बाटलीस?"

"तसं नाही मावशी."

"मंग कसं? पाटलीनीले देली. मी उपाशी उभी होती तुह्यापुढं. सगळ्या बायाईनं पाह्यलं."

असं काही तिच्या मनात येईल हे सत्यवतीच्या ध्यानीमनी नव्हतं. पण दुसरं काय येणार होतं? साऱ्या गावालाही तेच वाटलं असणार. आता गप्प राहणं म्हणजे तेच खरं करणं.

"तुमी माह्या पाया पडल्या असत्या," सत्यवती म्हणाली. "म्हनून नाही देली."

"म्हंजे?"

"एक शब्द मी सोडून देला मावशी. पुसात आला होता." आणि तिनं तो उकलला, जसा नेम होता तसा. आधी शब्द, मग अर्थ. मग गोत. पार्डन, कंडिशन, डिपोज, को-अक्युज्ड. मध्ये थांबली नाही, आवाज हलला नाही. धान मोजल्यासारखं सांगितलं.

रेवताबाई विहिरीच्या काठावर बसली.

"मंग टिकाराम सुटन."

"हो. खटला सरला का."

"आन माहा?"

"तेची साक्ष तुलारामभाऊवरच हाये."

"कवा समजलं तुले?"

"वीस दिस झाले."

रेवताबाईनं मान हलवली, जणू बाजारात कोणी भाव सांगितला. "वीस दिस मी पेपर आनत होती," ती म्हणाली. "एक दिस तं पाऊस होता. लुगड्याखाली धरून आनला." मग उठली आणि तलावाच्या वाटेनं घरी गेली. देवळातून केशरबाईच्या नामाचा आवाज येत होता.

संध्याकाळी सत्यवतीनं सासऱ्यालाही सांगितलं. श्यामराव मृदंगाच्या तोंडावर लावलेली वाळकी कणीक खरवडून काढत बसला.

"तो खरं सांगते का खोटं, ते पेपरात येन काय?" त्यानं शेवटी विचारलं.

"काय सांगतलं ते येन."

"मंग तेवढं वाचजो," तो म्हणाला. "तोवर मी काही बोलत नाही."

सप्त्याचे उरलेले दिवस रेवताबाई देवळाकडं फिरकली नाही. काल्याचा प्रसाद श्यामराव स्वतः द्रोणात घेऊन तिच्या दारी गेला. तिनं तो घेतला. आत या म्हटलं नाही.

बारा-तेरा दिवसांनी सकाळी आंगणात टोपली उतरल्याचा आवाज आला. रेवताबाई ओसरीजवळ आली नाही. तुळशीच्या पलीकडं उभी राहून तिनं पेपर पुढं केला.

"आज लंबं लिवलं हाये," ती म्हणाली. "खानसामा बोलला, साहेब म्हनत होता, तुमच्या गाववाल्याचं हाये. वाच."

"बसा मावशी."

"बसत नाही. दुसरा वाचनारा असता तं आली बी नसती. वाच. सोडू नको काही."

श्यामराव खांबाजवळ येऊन बसला. सत्यवतीनं पाचवं पान उघडलं. आज आठ-दहा ओळी नव्हत्या, पानाचा सगळा उभा रकाना होता. ती इंग्रजी वाचे, थांबे, मराठी सांगे. माफीच्या साक्षीदारानं शपथेवर सांगितलं की तो युनियनचा सेक्रेटरी होता. सांगितलं की जून महिन्यात बैठक झाली. सांगितलं की आरोपी नंबर सहा यानं—

"सहा कोन?" श्यामरावनं विचारलं.

"तुलारामभाऊ."

—आरोपी नंबर सहा यानं खदानीतून चार डिटोनेटर आणून त्याच्यासमोर ठेवले, आणि ते पुलासाठी आहेत असं सांगितलं.

इथं सत्यवती थांबली. 

"ते चार," रेवताबाई म्हणाली, "डोहात फोडाले आनले होते. मासोळी माराले. म्या शिव्या देल्या होत्या त्याले, हात उडन तुहा म्हनून. टोपली भरून मेली मासोळी. तुह्या घरी बी देली होती, टिकारामले आवडते म्हनून, मोठी मोठी निवडून."

"हो," सत्यवती म्हणाली. "मीनंच रांधली."

"त्यानं खाल्ली."

"हो. दोनदा घेतली."

श्यामराव खांबाला धरून उठला, घरात गेला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. त्या दिवसानंतर तो रोज नाम घेई, पण खटल्याच्या शब्दाचं निरूपण त्यानं पुन्हा कधी केलं नाही.

"पुढं वाच," रेवताबाई म्हणाली.

सत्यवतीनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. उलटतपासणीत टिकारामला विचारलं होतं, पोलिसांनी तुम्हाला मारहाण केली काय. त्यानं नाही म्हटलं होतं. ते नाही खरं की खोटं, याचं गोत कोणत्याच ओळीत सापडलं नाही. रेवताबाईनं तो पेपर परत मागून घेतला. आजवर कधी घेतला नव्हता.

त्यानंतर ती येत राहिली. रोज नाही, तीन-चार दिवसांनी. तुळशीपलीकडं उभी राही, ऐके, जाई. झिंगे नाहीत, थट्टा नाही. फागुनात निवडणुका झाल्या, दिल्लीतलं सरकार बदललं, आणि एका सकाळी पाचव्या पानावर तीनच ओळी होत्या. त्यात एक नवा शब्द, विथड्रॉन. डिक्शनरीच्या शेवटाकडं, जिथं उधई पोचली नव्हती तिथं, तो नीट सापडला.

"खटला परत घेतला मावशी. सरकारनंच."

"म्हंजे?"

"म्हंजे खटलाच नाही. सुटले."

"कोन सुटले?"

"सगळे. नऊच्या नऊ."

रेवताबाईनं तुळशीच्या कट्ट्यावर हात टेकला.  तिचा पोरगा येणार होता. तिच्या तोंडावर आनंद आला की नाही, ते सत्यवतीला सांगता आलं नसतं.

"मंग टिकारामनं फुकटच सांगतलं म्हना," ती म्हणाली, आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली.

चैतात पोरं आली. मोटर स्टँडवर साऱ्या गावानं गर्दी केली होती, ग्रामपंचायतीनं हार आणले होते. श्यामरावनं सकाळीच मृदंगाला नवी कणीक लावली, पट्टा गळ्यात घातला आणि निघाला. सत्यवतीनं विचारलं नाही. तोच जाताना म्हणाला, "तुलारामले वाजवत आनाचं हाये. रेवताबाईनं सांगितलं नाही, माह्याच मनानं चाललो. तिनं पळवून लावलं तं मांगं उभा राहून वाजवीन."

टिकाराम त्या मोटरीत नव्हता. तो आधीच्या मोटरीनं येऊन दोन कोस अलीकडंच उतरला आणि कोरड्या बांध्यांतून, धुऱ्याच्या बांधाबांधानं, मागच्या दारानं भर दुपारी घरात आला. वाळला होता. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. सत्यवतीनं पाय धुवायला पाणी दिलं. पाट मांडला, ताट वाढलं. तो बसला.

"बाबा कोठी गेले?"

"स्टँडवर. तुलारामभाऊले आनाले."

त्यानं भात कालवला. एक घास खाल्ला. दुरून मृदंगाचा आवाज येऊ लागला होता.

"गावात कोनाले काही म्हाईत हाये काय?" त्यानं ताटाकडं पाहत विचारलं.

"कायचं?"

"कोर्टातलं." तो थांबला. "मराठी पेपरात तं आलं नाही म्हनत. इंग्रजीत आलं असन. पर इथं इंग्रजी कोनाले येते."

"मले येते," सत्यवती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. ती हातात वरणाची पळी घेऊन उभी होती.

"रेवतामावशीले मीनंच वाचून दाखवलं. मामाजी बी होते."

"सगळं?"

"सगळं. चार डिटोनेटर, ते बी."

त्याची बोटं भातातच राहिली.  मृदंग आता रस्त्याच्या वळणावर आला होता. मागून टाळ, पोरांचा कल्ला. थाप श्यामरावचीच होती, हे दोघांनाही ओळखू येत होतं. आवाज घरासमोरून गेला आणि तलावाच्या दिशेनं, ढिवरांच्या मोहल्ल्याकडं उतरत गेला.

"वरन वाढू काय?" सत्यवतीनं विचारलं.

 तिनं वाढलं.